ट्यूलिप, कांदा आणि आपली थंडी

प्रश्न : आम्ही निगडी प्राधिकरणात राहतो. घरापुढे थोडी जमीन आहे, वर गच्ची आहे. श्रीनगरचं ट्यूलिप उद्यान पाहून आल्यापासून वसंतात फुलणारे कंद आपल्याकडेही असावेत, असं मनात आहे. गेल्या नोव्हेंबरमध्ये ट्यूलिपचे कंद मागवून कुंड्यांत लावले. सगळे उगवले. काहींना एकच रुंद पान आलं. काहींना तीन-चार पानं आली आणि मधे कागदासारखी सुकलेली कळी दिसली. फूल एकही नाही. आमचं काय चुकलं? पुढच्या वर्षी कंद फ्रीजमध्ये ठेवून लावले तर फुलतील का?
– एक वाचक भगिनी, निगडी

उत्तर : पानांचं वर्णन आपण इतकं नेमकं केलं आहे की निदान त्यातच आलं. आपल्या कुंड्यांत दोन वेगळ्या गोष्टी घडल्या आहेत. एकच रुंद पान देणारा ट्यूलिपचा कंद अजून वयात आलेला नसतो. त्याच्या पोटात कळीच नसते. साधारण दहा-अकरा सेंटिमीटर घेराचा कंद झाला की तो फुलतो. त्याहून लहान कंद स्वस्तात विकले जातात आणि नवख्या गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. ते कंद कुठेही लावले असते तरी त्या वर्षी फुलले नसते. तीन-चार पानं आलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या पोटात कळी होती, पण तिला वर येता आलं नाही. याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे अपुरी थंडी.

ट्यूलिप मूळचा मध्य आशियातल्या डोंगरउतारांवरचा. तिथला उन्हाळा कोरडा, हिवाळा बर्फाचा आणि दोन्हींच्या मधे ओलाव्याचा लहानसा वसंत. या झाडाचं सगळं वेळापत्रक त्या हवामानावर बसलेलं आहे. उन्हाळ्यात पानं वाळली की कंद मातीत नुसता पडून आहे असं वाटतं. खरं तर त्याच काळात, १७ ते २० अंश सेल्सिअसच्या आसपास, त्याच्या आत पुढच्या वर्षीची पानं, पाकळ्या, पुंकेसर हे सगळं सूक्ष्म रूपात घडत असतं. त्यानंतर त्याला हवी असते ९ अंशांच्या खालची थंडी, आणि तीही सलग बारा ते सोळा आठवडे. ही थंडी कळी घडवत नाही, कळी आधीच घडलेली असते. दांड्याला लांब होण्याची ताकद या थंडीतून येते. ती कमी पडली की दांडा आखूड राहतो, कळी पानांच्या बेचक्यात अडकते आणि सुकून जाते.

आता आपला हिवाळा पाहा. पिंपरी-चिंचवडमध्ये डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, एखाद्या लाटेत त्याच्याही खाली जातो. पण दुपारी तो पुन्हा २८-३० वर असतो आणि गच्चीवरच्या कुंडीतली माती त्याहून जास्त तापते. रात्री मिळालेली थंडी दुपारचं ऊन पुसून टाकतं. झबरवान डोंगराच्या पायथ्याशी २००७ साली उघडलेलं श्रीनगरचं उद्यान मार्चअखेरीपासून जेमतेम महिनाभर फुललेलं असतं, पण त्यामागे काश्मीरच्या अख्ख्या हिवाळ्याची थंडी जमा झालेली असते.

फ्रीजने ही थंडी देता येते. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत मोठ्या घेराचे कंद मिळाले तर ते कागदी पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावेत आणि डिसेंबरच्या मध्यावर, हवा खरोखर गार झाल्यावर लावावेत. दोन पथ्यं मात्र कडक पाळायची. त्या कप्प्यात सफरचंद किंवा पिकलेली केळी ठेवायची नाहीत. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि ट्यूलिपच्या पोटातली कळी त्याने मरते. सुकलेल्या कळीचं हे दुसरं कारण. ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. दुसरं पथ्य पिशवीवर नाव ठळक लिहिण्याचं, कारण हे कंद कांद्यासारखे दिसतात. चुकून ट्यूलिप किंवा नर्गिसचा कंद फोडणीत पडला तर घरभर उलट्या सुरू होतील. नर्गिसचा तर अधिकच विषारी.

एवढं सांभाळून लावलेला कंद जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत फुलू शकतो. पूर्वेकडच्या बाल्कनीत, सकाळचं कोवळं ऊन आणि नंतर सावली अशी जागा द्यावी. पण दुसऱ्या वर्षी तो फुलणार नाही, हे आधीच समजून घ्या. फूल गेल्यावर पुढचे सहा-आठ आठवडे पानं हिरवी राहिली तर त्यांच्या अन्नावर नवा कंद पोसला जातो. त्यासाठी हवा गार लागते. आपल्याकडे फेब्रुवारीच्या अखेरीस ऊन तापायला लागतं, पानं करपतात आणि आत उरतात ती एकपानी, न फुलणारी पिल्लं. दिल्लीत नवी दिल्ली नगरपालिका रस्त्याकडेला ट्यूलिप फुलवते तेही मुख्यतः नेदरलँड्सहून आणवलेल्या, आधीच थंडी दिलेल्या कंदांवर. एका हंगामाची हौस म्हणून दहा कंद आणायला हरकत नाही. बाग त्यावर उभी करू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

आता आपल्याला ज्या कंदाकडे न्यायचं आहे, त्याकडे येतो. थंडी मिळाल्याशिवाय न फुलणारा आणि आपल्याच थंडीत पोटभर समाधान मानणारा एक कंद निगडीपासून तासाभराच्या अंतरावर पिढ्यान्‌पिढ्या पिकतो आहे. तो म्हणजे चाकणचा कांदा.

आपण त्याला फुलझाड मानत नाही, कारण फूल यायच्या आधीच तो काढून घेतो. कांदा हे दोन हंगामांचं झाड आहे. पहिल्या हंगामात तो अन्न साठवून गोल होतो, दुसऱ्या हंगामात त्या साठ्यावर दांडा वर काढून फुलतो. हा दांडा निघण्यासाठी त्याला काही आठवडे थंडी लागते. ट्यूलिपहून फरक असा की कांद्याची कळी साठवणीत आधी घडलेली नसते. थंडी लागल्यावर ती घडायला सुरुवात होते. आणि आपल्या वाणांना बर्फाळ थंडी लागत नाही. पहाटे दहा-बारा अंशांवर येणाऱ्या आपल्या रात्री त्यांना पुरतात. युरोपातल्या बागांत जांभळे गोल चेंडू डुलताना दाखवतात ना, ते ‘ॲलियम’ कांद्याच्याच कुळातले.

चाकण-खेडच्या शेतकऱ्याला थंडीचा हा नियम कुणी शिकवावा लागत नाही, कारण त्याचा फटका त्याने सोसलेला असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावलेला रांगडा कांदा डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात सापडला की त्याला डेंगळे येतात. मधून पोकळ दांडा उभा राहतो, कांद्याचं सगळं अन्न फुलाकडे जातं, आत कडक नळी राहते, तो टिकत नाही आणि बाजारात त्याला भाव मिळत नाही. डिसेंबरअखेर-जानेवारीत लावलेल्या उन्हाळी कांद्याला मात्र, थंडी तीच असून, डेंगळे फारसे येत नाहीत. कारण त्या वेळी रोप काडीएवढं बारीक असतं. कांद्याला थंडीची जाणीव होण्यासाठी आधी ठरावीक जाडी यावी लागते. लहान रोपाला ती थंडी कळतच नाही. वाचकबाई, आपल्या एकपानी ट्यूलिपचं कोडंही याच जातीचं आहे. वय झाल्याशिवाय कंदाला फूल नाही.

चाकणच्या पुढे, भीमेच्या काठी वसलेल्या राजगुरुनगरला भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. १९९४ मध्ये नाशिकला राष्ट्रीय संशोधन केंद्र म्हणून ते सुरू झालं, १९९८ मध्ये राजगुरुनगरला आलं. भीमा शक्ती, भीमा किरण, भीमा सुपर, भीमा शुभ्रा हे वाण तिथलेच. नवा वाण पारखताना त्याला डेंगळे किती येतात हा एक महत्त्वाचा कस असतो. म्हणजे कांद्याला फुलू न देण्याचं शास्त्र आपल्या शेजारी आहे. बागेत ते उलटं वापरायचं.

करायचं एवढंच. दिवाळीच्या सुमारास, ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरमध्ये, घरातल्या टोपलीतले मध्यम आकाराचे, घट्ट, मानेजवळ हिरवा कोंब डोकावणारे कांदे निवडा. दहा-बारा इंची कुंडीत तीन कांदे, मान मातीच्या वर राहील असे लावा. दिवसभराचं ऊन द्या, पाणी बेताने. बीजोत्पादन करणारे शेतकरी नेमकं हेच करतात : उन्हाळी कांदा चाळीत ठेवतात आणि पावसाळा सरल्यावर निवडक मातृकांदे पुन्हा जमिनीत लावतात. जानेवारी-फेब्रुवारीत एकेका कांद्यातून काही दांडे निघतील, प्रत्येकाच्या टोकाला पातळ पापुद्र्यात गुंडाळलेली कळी असेल, आणि पापुद्रा फाटला की शेकडो पांढऱ्या चांदण्यांचा गोंडा उघडेल. एका गोंड्यातली फुलं एकदम उमलत नाहीत, त्यामुळे तो पंधरा-वीस दिवस पाहायला मिळतो. मधमाश्या त्यावर तुटून पडतात. औषध फवारू नका. बी हवं असेल तर गोंड्यात काळं बी दिसू लागल्यावर, मार्चअखेर-एप्रिलमध्ये काढून घ्या.

ज्याला फूल म्हणून कधी पाहिलं नाही त्याला निगडीच्या बागेत मानाची जागा द्या, असा माझा आग्रह आहे. त्याचा गोंडा ट्यूलिपइतका रंगीत नसेल, पण फ्रीज नको, परदेशातलं पार्सल नको, आणि यश जवळजवळ नक्की.

प्रश्न : कांद्याचं समजलं. पण रंगांची हौस आहेच. पिंपरी-चिंचवडच्या हवेत, आमच्या सोसायटीच्या मातीत, वसंतात खात्रीने फुलतील असे आणखी कंद कोणते?
– एक वाचक, पिंपळे सौदागर

उत्तर : आधी मातीबद्दल बोलू, कारण कंद थंडीअभावी मरतात त्यापेक्षा जास्त बुडाशी पाणी साचून मरतात. आपल्या बहुतेक सोसायट्यांच्या आवारात असतो तो भराव : मुरूम, विटांचे तुकडे, सिमेंटचा राडा आणि वर फूटभर काळी माती. काळी माती पाणी धरते, खालचा दाबलेला भराव ते खाली जाऊ देत नाही, आणि कंदाचं बूड कुजतं. जमीन खणून भराव काढता येत नसेल तर उंच वाफा करा किंवा कुंडी वापरा. माती, जाड वाळू आणि मुरलेलं शेणखत सारख्या प्रमाणात घ्या. खतात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळली तर कुज बरीच आटोक्यात राहते.

रंगांसाठी पहिला मान ग्लॅडिओलसला. पिंपरीच्या फुलबाजारात त्याच्या जुड्या आपण पाहिल्या असतील. त्याचा कंद कांद्यासारखा पदरांचा नसतो, अळूच्या किंवा सुरणाच्या कंदासारखा आतून भरीव असतो. मूळ आफ्रिकेचा, त्यामुळे बर्फाची त्याला ओढ नाही. दिवसा ऊन आणि रात्री गारवा असा आपला हिवाळा त्याला नेमका मानवतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने फुले गणेश, फुले नीलरेखा, फुले तेजस, फुले प्रेरणा असे वाण आपल्या हवेसाठीच दिले आहेत. लावणीनंतर वाणाप्रमाणे दोन ते तीन महिन्यांत फूल येतं. ऐन वसंतात, म्हणजे फेब्रुवारीत फुलं हवी असतील तर नोव्हेंबरच्या उत्तरार्धात लावा. सगळे कंद एकदम न लावता पंधरा दिवसांच्या अंतराने लावले तर बहर लांबतो. चार सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद कंद घ्या, पाच ते सात सेंटिमीटर खोल आणि वीतभर अंतरावर लावा. दांडा उंच होतो, काठीचा आधार लागतो.

फूल कापताना चार-पाच पानं झाडावर राहू द्या. याचं कारण जमिनीखाली आहे. लावलेला कंद फुलापायी रिकामा होऊन चपटा पडतो आणि त्याच्या डोक्यावर नवा कंद बसतो, भोवती बारीक पिल्लं धरतात. हा नवा कंद उरलेल्या पानांवर पोसला जातो. पानं पिवळी पडली की, फुलानंतर साधारण दीड-दोन महिन्यांनी, कंद काढा, सावलीत वाळवा आणि जाळीच्या पिशवीत हवेशीर जागी टांगा. ताजा कंद लगेच लावला तर उगवत नाही. त्याची झोप सुमारे तीन महिन्यांची असते. उन्हाळा-पावसाळा तसाच जाऊ द्या. पिल्लं टाकू नका. दोनेक हंगामांत तीही फुलण्याजोगी होतात.

दुसरा ॲमरिलिस लिलीचा कंद. रोपवाटिकांत याच नावाने मिळतो. लाल, केशरी, पट्टेरी मोठी कर्ण्यासारखी फुलं मार्च-एप्रिलमध्ये येतात. जमिनीत वर्षानुवर्षं राहतो, पावसाळाही सोसतो. पुष्कळ घरांत तो पानं देतो, फूल देत नाही, आणि लोक त्याला दोष देतात. या कंदाच्या आत दर चार पानांमागे एक कळी धरते. पानं कमी तर कळ्या कमी. म्हणून फुलं संपल्यावर ऑक्टोबरपर्यंत त्याला ऊन आणि खत द्या, आणि नोव्हेंबर ते जानेवारी पाणी जवळजवळ बंद ठेवा. फेब्रुवारीत पाणी सुरू केलं की दांडा येतो. लावताना कंदाची मान मातीच्या वर हवी.

तिसरा आपला भुईचाफा. फाल्गुन-चैत्रात पानांचा पत्ता नसताना थेट जमिनीतून पांढरी-जांभळी, मंद वासाची फुलं उगवतात. रांगोळीसारखी जमिनीलगत. हळदीच्या कुळातला असल्याने त्याचा गड्डा हळदीसारखा पसरतो. पावसाळ्यात पानं, थंडीत विश्रांती, वसंतात फूल : हे वेळापत्रक महाराष्ट्राच्या हवेला अगदी चपखल बसतं. विकत शोधण्यापेक्षा जुन्या वाड्याच्या परसात कुणाकडे असेल तर मेमध्ये गड्डा मागून आणावा.

बाकीचे थोडक्यात. फ्रीझिया, ॲनिमोनी आणि रॅननक्युलस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावून पाहा. सकाळच्या उन्हात फेब्रुवारीत फुलण्याची चांगली शक्यता असते, उन्हाळ्यात मात्र ते टिकवणं कठीण. फुटबॉल लिली मे महिन्यात लाल चेंडू देते आणि बाकी वर्षभर काही मागत नाही. निशिगंध वसंतात लावायचा कंद आहे, त्याची फुलं पावसाळ्यात येतात.

प्रश्न : घरात केशर पिकवण्याचे व्हिडिओ सगळीकडे दिसतात. मोशीतल्या फ्लॅटच्या बाल्कनीत जमेल का?
– एक वाचक, मोशी

उत्तर : केशराचा कंदही ग्लॅडिओलससारखाच भरीव असतो, पण तो वसंतात नाही, शरदात फुलतो. काश्मीरमध्ये पांपोरच्या पठारावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. कंद आठ-दहा ग्रॅमचा असेल तर एखाद्‌दुसरं फूल देतो. एक ग्रॅम सुकं केशर हवं असेल तर सुमारे दीडशे फुलं खुडावी लागतात. यावरून बाल्कनीत लावलेल्या वीसेक कंदांचं उत्पन्न आपणच काढा. फूल पाहण्याचा आनंद मिळेल, कारण फुलण्याचं सामान कंदात आधीच असतं. पण पुढच्या वर्षीचा कंद पोसायला लांब, गार हिवाळा लागतो. जे लोक खोलीत केशर घेतात ते थंडी विजेने विकत घेतात. बाल्कनीत हा व्यवसाय होत नाही, आणि तसं आश्वासन देऊन महाग कंद विकणाऱ्यापासून दूर राहा.

प्रश्न : एप्रिलमध्ये घोरवडेश्वरच्या डोंगरावर पानं नसलेला, फिकट घंटेसारख्या फुलांचा उंच दांडा दिसला. खाली कांद्यासारखा मोठा कंद असावा. असा रानटी कंद आणून बागेत लावला तर चालेल का?
– एक विद्यार्थिनी, देहूरोड

उत्तर : वर्णन कोलकांद्याशी जुळतं. त्याला रानकांदाही म्हणतात. सह्याद्रीच्या उघड्या माळांवर ऐन उन्हाळ्यात, पाऊस यायच्या आधी तो फुलतो आणि पानं पावसाळ्यात काढतो. मातीच्या आत जपून ठेवलेल्या पाण्यावर आणि अन्नावर मार्च-एप्रिलच्या रखरखीत माळावर फुलणारा हा खरा आपला वसंतकंद. तो विषारी आहे, त्यातली द्रव्यं थेट हृदयावर परिणाम करतात. म्हणून लहान मुलं आणि पाळीव जनावरं असलेल्या घरात तो आणू नये, आणि खाण्याचा तर विचारही नको.

पण आणू नये याचं मोठं कारण दुसरं आहे. डोंगरावरचा एवढा मोठा कंद व्हायला पुष्कळ वर्षं लागतात आणि उपटायला दोन मिनिटं. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात माळ आता तुकड्यातुकड्यांनीच उरले आहेत. प्लॉटिंग, रस्ते आणि वणवे यांतून जे कंद वाचले ते तिथेच राहायला हवेत. फोटो काढा, जागा आणि तारीख वहीत लिहून ठेवा, पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा जा. बागेसाठी कंद रोपवाटिकेतून घ्या, शेजाऱ्याकडून मागा, घरच्या टोपलीतून निवडा. डोंगरातून मात्र एकही खणून आणू नका.